प्रेक्षकाच्या वाट्याचं त्याच्यासाठी ठेवा

तुम्ही खरं तर दोन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली अशी, की संतमहात्म्यांवरचे, देवाधर्माचे चित्रपट पाहून तुम्ही कोरडेच बाहेर पडता आणि ज्यात देवाचं नावही निघत नाही असा एखादा चित्रपट मात्र आठवडाभर मनातून जात नाही, असं का? दुसरी तुमच्या स्वतःच्या पटकथेबद्दल. घर सोडून गेलेला मुलगा आजारी वडिलांच्या शुश्रूषेसाठी परत येतो, शेवटी दोघांचा समेट होतो, आणि हा शेवट उंचीवर नेण्यासाठी वडिलांचं एक भाषण आणि त्याखाली भरदार संगीत ठेवावं की नाही, या पेचात तुम्ही आहात. शिवाय असा चित्रपट करायला आपण आधी सिद्धपुरुष व्हायला हवं का, अशी शंकाही तुम्ही बोलून दाखवली आहे.

मी संकलक आहे. इतरांनी चित्रित केलेलं कापण्यात-जोडण्यात माझी हयात गेली, त्यामुळे उत्तर संकलनाच्या टेबलावरूनच देईन. थोडक्यात सांगायचं तर, प्रेक्षकाचं मन उन्नत करायचं असेल तर चित्रपटानं उन्नतीबद्दल बोलणं टाळावं, डोळ्यांना दिसणाऱ्या आणि कानांना ऐकू येणाऱ्या गोष्टींशी कमालीचं इमान राखावं, आणि शेवटचं पाऊल प्रेक्षकाला स्वतः टाकू द्यावं. कलेची ताकद आणि आत्मिक ताकद या दोन वेगळ्या पारड्यांत घालून तोलायच्या गोष्टी आहेत असं मला वाटत नाही. ज्या ठिकाणी चित्रपट खोटं बोलतो, त्याच ठिकाणी तो कला म्हणूनही पडतो आणि मनावरची पकडही सोडतो.

कॅमेरा हे मोठं अडाणी यंत्र आहे. त्याला श्रद्धा दिसत नाही, पश्चात्ताप दिसत नाही, मोक्ष तर नाहीच नाही. त्याला दिसतो हात, भिंत, चमचा, घामेजलेला चेहरा. कादंबरीकार ‘त्याला अपार शांती लाभली’ असं लिहून मोकळा होऊ शकतो. आपल्याला ती सोय नाही. बहुतेक भक्तिपट इथेच घसरतात. न दिसणारं दाखवण्याच्या घाईत ते ढगांतून किरणं सोडतात, डोक्यामागे तेजोवलय लावतात, व्हायोलिनांचा ताफा आणतात आणि वर पात्राच्या तोंडी प्रवचन देतात. इथे आपण भारावून जायचं आहे, हे प्रेक्षकाला बरोबर कळतं. तो भारावत मात्र नाही, कारण त्याच्या वाट्याला काही कामच उरलेलं नसतं.

याच्या नेमक्या उलट टोकाचं उदाहरण म्हणजे रोबेर ब्रेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाचा १९५६चा ‘अ मॅन एस्केप्ड’. लियाँमधला तुरुंग, जर्मनांच्या ताब्यात असलेला फ्रान्स आणि मृत्यूची शिक्षा समोर दिसत असलेला फाँतेन नावाचा लेफ्टनंट. आंद्रे दव्हिन्यी या प्रतिकार चळवळीतल्या अधिकाऱ्यानं १९४३ साली खरोखर केलेल्या पलायनावर तो बेतलेला आहे. गंमत बघा, हा माणूस निसटला हे दिग्दर्शकानं शीर्षकातच सांगून टाकलं. ‘सुटतो की नाही’ हा थरारपटाचा हुकमी पत्ता त्यानं डाव सुरू होण्याआधीच टाकून दिला. मग उरलं काय? उरला एक लोखंडी चमचा.

फाँतेन तो चमचा फरशीवर घासघासून पटाशीसारखा करतो. कोठडीच्या दाराच्या फळ्या जिथे जुळल्या आहेत त्या सांध्यात तो घालतो आणि खरवडत बसतो. पडद्यावर हात, चमचा, लाकूड. कानावर खरवडण्याचा बारीक आवाज. मध्येच बाहेर पहारेकऱ्याची चाहूल लागते, हात थांबतो. चाहूल सरते, हात पुन्हा चालू. खाली पडलेला लाकडाचा भुगासुद्धा लपवायला लागतो. फाँतेनचं काम करणारा फ्रांस्वा लतेरिये हा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होता, व्यावसायिक नट नव्हे. ब्रेसाँला चेहऱ्यावर रंगवलेली भावना नकोच असायची. या सगळ्यामुळे होतं असं, की अर्ध्या तासात आपण त्या दाराच्या फळीकडे एखाद्या जिवंत पात्राकडे बघावं तसं बघायला लागतो. चिकाटी, आशा, विश्वास हे शब्द कोणी न उच्चारता ते सगळं त्या हाताच्या हालचालीत येऊन बसतं.

आता संगीत बघा. चित्रपटात मोझार्टच्या सी मायनर मासमधला तुकडा वापरला आहे, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेसाठी रचलेलं भव्य संगीत. आणि ते बहुतेक वेळा कुठे वाजतं? कैदी आपापल्या मैल्याच्या बादल्या रिकाम्या करायला अंगणातून रांगेनं जातात, तिथे. दुसऱ्या कोणी हे संगीत पलायनाच्या ऐन क्षणाला लावलं असतं आणि ते वाया गेलं असतं. बादल्यांवर लावल्यामुळे ते त्या माणसांची रोजची घाण उचलण्याची क्रियाच वेगळ्या उजेडात आणतं, आणि हे नातं जोडायचं काम आपल्या डोक्यात होतं, पडद्यावर नाही.

शेवटाकडे फाँतेनच्या कोठडीत एक पोरगा आणून टाकतात. तो हेर असेल का? त्याला मारावं की सोबत न्यावं? फाँतेन त्याला सोबत नेतो. आणि एका भिंतीपाशी पोचल्यावर लक्षात येतं की हा पोरगा नसता तर आपण इथेच अडकलो असतो. ती भिंत एकट्या माणसाला चढता येण्यासारखी नव्हतीच. पुढे-मागे कधीही धार्मिक चित्रपट काढायला निघालात तर हा प्रसंग पुनःपुन्हा बघा. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा धोका पत्करला तोच तारून नेतो, एवढी मोठी गोष्ट इथे भिंतीच्या उंचीतून सांगितली आहे. दिग्दर्शक थांबून आपल्याकडे बघत नाही. दोघं पुढच्या अडथळ्याकडे जातात.

दुसरा मुद्दा विरोधाचा. चित्रपटाच्या आतच श्रद्धेला धक्के मारणारं कोणी तरी हवं, आणि ते खलनायकापेक्षा वेगळं हवं. खलनायक सोपा असतो. तो वाईट आहे म्हणून त्याचं म्हणणं खोडून काढता येतं. प्रेमाचं, आपल्या बाजूनं अगदी खरं बोलणारं माणूस विरोधात उभं राहिलं की पंचाईत होते, आणि ती पंचाईतच हवी असते. प्रभातचा १९३६चा ‘संत तुकाराम’ आठवा. विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामाची शांती आजही बघवते, पण तिला वजन कशानं आलंय? गौरी या अभिनेत्रीनं उभ्या केलेल्या त्याच्या बायकोनं. घरात दाणा नाही, मूल तापानं फणफणलंय आणि नवरा विठ्ठलाच्या नादात. ती तडक देवळात शिरते आणि वहाण हातात घेऊन देवालाच जाब विचारते. प्रेक्षक त्या क्षणी तिच्या बाजूनं असतो, भक्तानंही तसंच असावं अशी मांडणी आहे. दामले-फत्तेलाल या दिग्दर्शकांनी तिला वेडगळ किंवा कजाग ठरवून निकालात काढलं नाही. तिच्या तोंडी भूक दिली, आणि भुकेला उत्तर देणं संतालाही जड जातं. तिला कापून काढा, उरलेला चित्रपट भिंतीवरच्या तसबिरीसारखा दिसेल. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाची दखल घेतली गेली. अभंगाचा शब्दही न समजणारी माणसं ती. तरीही भाषेपलीकडे काही पोचलं. त्यातला मोठा वाटा या नवरा-बायकोच्या ओढाताणीचा असावा असं मला वाटतं.

याच चित्रपटातली आणखी एक गोष्ट जाता जाता. ‘आधी बीज एकले’ हे पद अनेकांना तुकोबांचा अभंगच वाटतं. ते शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेलं आहे, म्हणजे असं पद उतरायला संतच असावं लागतं असं नाही. आणि दुसऱ्या टोकाला इटालियन दिग्दर्शक पासोलिनी: स्वतः मार्क्सवादी, देव न मानणारा, पण मॅथ्यूच्या शुभवर्तमानावरचा त्याचा १९६४चा चित्रपट येशूवरच्या सर्वांत मनःपूर्वक चित्रपटांत गणला जातो. संवाद मूळ ग्रंथातलेच, माणसं बहुतेक नट नसलेली, येशूची आई मरिया हिच्या उतारवयातल्या भूमिकेत दिग्दर्शकाची स्वतःची आई. म्हणून ‘असा चित्रपट करायला आपण आधी सिद्धपुरुष व्हायला हवं का’ या तुमच्या शंकेवर फार वेळ घालवत नाही. नको. विषयाशी इमान आणि हातात कसब, एवढं पुरतं.

आता सगळ्यात जास्त घोटाळा होतो त्या मुद्द्याकडे येतो. मन उन्नत करणारा म्हणजे गोड शेवटाचा, अशी समजूत असते. जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा १९५२चा ‘इकिरू’ बघा. नगरपालिकेच्या कचेरीत कागदांच्या गठ्ठ्यांमागे आयुष्य काढलेला वातानाबे. पोटाचा कर्करोग झालाय आणि दिवस थोडे उरलेत हे त्याला कळतं. आधी तो मौजमजा करून पाहतो, त्यात काही लाभत नाही. मग एका गलिच्छ, साचलेल्या पाण्याच्या जागी मुलांसाठी बाग करून द्यायची असं तो मनावर घेतो. इथवर कथा कोणालाही सुचेल. कुरोसावाची करामत पुढे आहे. वातानाबे कामाला लागतो तोच दिग्दर्शक त्याला मारून टाकतो. चित्रपटाचा जवळजवळ तिसरा हिस्सा शिल्लक असताना नायक गेलेला, आणि आपण त्याच्या फोटोपुढे बसलेल्या सहकाऱ्यांत येऊन पडतो.

ही माणसं दारू पीत बसतात आणि बाग कोणामुळे झाली यावर वाद घालतात. बागेचं श्रेय उपमहापौर घेऊन गेलाय. एकेकाच्या आठवणीतून आपल्याला तुकडे मिळतात: वातानाबे कोणाच्या दारात कसा तासन्तास उभा राहिला, कोणापुढे कसा वाकला, कोणाच्या धमकीला कसा बधला नाही. सरळ क्रमानं दाखवलं असतं तर हीच दृश्यं कर्तृत्वगाथा झाली असती. इथे ती गैरसमजांच्या आणि असूयेच्या मधून येतात, त्यामुळे त्यांची जुळणी आपल्याला करावी लागते. आणि ज्याची जुळणी आपण केली तो माणूस आपला होतो. शेवटी एक पोलीस येऊन सांगतो, की बर्फ पडत असताना रात्री तो झोपाळ्यावर बसून गाणं म्हणत होता. झोपाळ्याचं दृश्य जगभर गाजलं. पण ते सुटं काढून बघा, निम्मा जीव जातो. आधीच्या वादावादीनं त्याची जागा तयार केलेली असते.

आणि मग कुरोसावा निर्दयपणे पुढे जातो. दारूच्या भरात सगळे शपथा घेतात, की उद्यापासून आपणही वातानाबेसारखं काम करायचं. दुसऱ्या दिवशी कचेरी जशीच्या तशी. लोकांची तक्रार या खिडकीवरून त्या खिडकीवर. एक जण संतापून उठून उभा राहतो, कोणी दाद देत नाही, आणि तो खाली बसतो. कागदांच्या ढिगामागे दिसेनासा होतो. प्रेक्षकाची खुशामत करायची सगळी संधी होती, ती नाकारली. एका माणसाच्या चांगुलपणानं जग सुधारलं असं दाखवलं असतं, तर आपण समाधानानं घरी जाऊन झोपलो असतो. जग सुधारलं नाही हे दाखवल्यामुळे प्रश्न आपल्या गळ्यात पडतो. यातला आनंद कडवट आहे, पण तो टिकतो.

संगीताविषयी तुम्ही थेट विचारलंत, तर त्यावरही बोलू. पार्श्वसंगीत वाईट असं माझं म्हणणं नाही. ते कशाच्या जागी येतंय, एवढं मी तपासतो. ‘पथेर पांचाली’त (१९५५) हरिहर बऱ्याच काळानं गावी परततो. मुलगी दुर्गा गेल्याचं त्याला माहीत नाही. तो आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोला दाखवतो, दुर्गासाठी आणलेली साडीही पुढे करतो. सर्वजयाचा बांध फुटतो, तोंड उघडतं, आणि तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचा वरच्या पट्टीतला सूर येतो. सत्यजित राय यांनी रडण्याखाली संगीत घातलेलं नाही, रडणं काढून घेऊन त्या रिकाम्या जागेत ते ठेवलंय. सर्वजयाचा आक्रोश कसा असेल ते आपण आतल्या आत ऐकतो. तुमच्या शेवटात मात्र भाषण आहेच, त्याखाली संगीतही आहे, आणि कदाचित डोळ्यांत पाणीही असेल. एकच गोष्ट तिघांनी सांगितली की पहिल्याचंही खरं वाटेनासं होतं.

टेबलावर होणारा एक घोळ इथेच सांगून ठेवतो. संकलन चालू असताना तात्पुरतं म्हणून कुठल्या तरी नावाजलेल्या संगीताचा तुकडा टाइमलाइनवर टाकतात. महिनाभर तो ऐकून दिग्दर्शकाला दृश्य चांगलं वाटायला लागतं. चांगला तो तुकडा असतो, दृश्य नव्हे. भावनिक प्रसंगांचा पहिला कट, म्हणजे पहिली जुळणी, मी कोरडाच लावतो: संवाद, पावलं, भांड्यांचा आवाज आणि खोलीची स्वतःची शांतता. खोलीची शांतता ही ध्वनिमुद्रकानं वेगळी टिपून आणायची चीज आहे; पंख्याची घरघर, दूरची रहदारी असं सगळं तिच्यात असतं. ती नसली तर गप्प बसलेली दोन माणसं मेल्यासारखी वाटतात. तुमच्या ध्वनिमुद्रकाला आजच सांगून ठेवा, वडिलांच्या खोलीत सगळ्यांना गप्प करून एक-दोन मिनिटं नुसती खोली रेकॉर्ड करून घे म्हणावं.

आता संथपणा. संथ म्हणजे आध्यात्मिक, ही महोत्सवांत फिरणाऱ्यांची अंधश्रद्धा आहे. १९७२ साली पॉल श्रेडर या अमेरिकन लेखकानं ओझू, ब्रेसाँ आणि ड्रायर या दिग्दर्शकांच्या शैलीवर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून तिला शास्त्राधारही मिळाल्यासारखं झालंय, जरी बिचाऱ्या श्रेडरचं म्हणणं त्याहून बारीक होतं. धुकं, झाड, पाठमोरा माणूस आणि चार मिनिटं काहीच नाही. असा शॉट मला कापायला मिळाला की मी विचारतो, या चार मिनिटांत प्रेक्षकानं काय करायचं आहे? रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीच्या ‘नोस्टॅल्जिया’त (१९८३) एक माणूस पेटती मेणबत्ती घेऊन रिकाम्या केलेल्या कुंडाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालतो. शॉट एकच, सुमारे ९ मिनिटांचा. मेणबत्ती विझते. तो परत मूळ जागी येतो, पेटवतो, पुन्हा निघतो. पुन्हा विझते. तिसऱ्यांदा पोचतो. हा शॉट लांब आहे, पण रिकामा नाही: ज्योत हलली की आपला श्वास अडकतो, तो कोटाआड ती धरतो तेव्हा आपलाही हात आपोआप वळतो. मध्ये एक जरी कट मारला असता तरी दोन शॉटच्या सांध्यात लबाडीला जागा झाली असती, आणि त्याचं पोचणं आपण मानलं नसतं. लांबी तिथे पुराव्यासाठी आहे. ज्या शॉटमध्ये असा कसलाच पुरावा नाही, त्याची लांबी मी बिनदिक्कत निम्म्यावर आणतो.

तुमच्या पटकथेकडे वळतो. वडिलांचं भाषण काढा. मुलानं वडिलांसाठी करायची अशी एक शारीरिक क्रिया शोधा, जिच्यात दोघांनाही अवघडल्यासारखं होईल. नखं काढण्याची घ्या. आयुष्यभर ज्या हाताचा धाक होता तो हात आता मुलाच्या तळहातात आहे. पहिलं नख काढताना वडील बोट आखडून घेतात. मुलगा ते ओढत नाही, थांबतो. दुसऱ्या बोटाला दोघंही दुसरीकडेच बघताहेत. तिसरं झाल्यावर वडील चौथं बोट आपणहून पुढे करतात. समेट झाला. यावर दोघांपैकी कोणी बोललंच तर ‘अंगठ्याचं राहिलं’ याहून मोठं वाक्य नको. हातांच्या क्लोज-अपवर फार रेंगाळूही नका, नाही तर दिग्दर्शक आपल्याच शहाणपणाकडे बोट दाखवतोय असं दिसेल. मी असतो तर चौथं बोट पुढे आल्याबरोबर मुलाच्या चेहऱ्यावर जाण्याचा मोह टाळला असता आणि थोड्या लांबून, दोघं एका चौकटीत दिसतील असा शॉट लावला असता, म्हणजे कोणाकडे बघायचं ते प्रेक्षक ठरवेल.

पण हे फुकट मिळत नाही. त्या बोटाला अर्थ यायचा तर सुरुवातीला कधी तरी तोच हात आपण नीट पाहिलेला हवा: मूल लहान असताना टेबलावर आपटलेला, किंवा नुसता उगारून खाली आलेला. आणि मध्ये मुलाला निघून जावंसं वाटण्याची खरी वेळ यायला हवी, जेव्हा त्याचं जाणंही आपल्याला पटलं असतं. तुम्ही पाठवलेल्या गोषवाऱ्यात तो पहिल्या दिवसापासून सोशिक आणि समंजस आहे. त्याला क्षमेचं काही मोलच पडत नाही. त्याला चिडू द्या, वडिलांशी एकदा क्षुद्रपणे वागू द्या. रात्री हाक ऐकूनही न उठण्याइतकं. वडीलही आजारी आहेत म्हणून एकदम साधू झालेले नकोत.

पहिला कट झाला की संगीताचे सगळे ट्रॅक म्यूट करा आणि ज्यांना तुमच्या चित्रपटाशी काही देणंघेणं नाही अशा दोघा-तिघांना तो दाखवा. ‘आवडला का’ हे विचारू नका, भिडेखातर हो म्हणतात. ‘शेवटी काय झालं’ एवढंच विचारा. प्रत्येकानं आपापल्या शब्दांत समेट सांगितला, तर भाषणाचा विषय संपला. मग संगीतकाराशी बोला आणि कुठे वाजवायचं यापेक्षा कुठे वाजवायचं नाही हे आधी ठरवा. कोणालाच कळलं नसेल, तर शेवटाला अजून काही चिकटवत बसू नका. बहुतेक वेळा गडबड पहिल्या वीस मिनिटांत निघते, वडिलांचा हात आपण तिथे धडपणे दाखवलेलाच नसतो.